सात दिवस भिंत मोकळी

लिऊ साहेब भट्टी बसवायला आला
तेव्हा वाटलं, आठ दिवसांत पळतो.
जालन्याचं पाणी, एमआयडीसीचा धूर,
माझ्या खानावळीचं तिखट.
राह्यला. ठेच्याला आता 'थोडा' म्हणतो
आन् दोनदा घेतो.

आल्या आल्या गॅसच्या वर त्यानं
एक कागद चिकटवला होता:
दाढीवाला बुवा, शेजारी बायको,
दोघांचे गाल डाळिंबासारखे.
मला वाटलं, आई-बाप असतील.
अकरा महिने फोडणीचं तेल खाऊन
बुवा पिवळा पडला.

भोगीच्या दुपारी लिऊ कढईपाशी आला.
तो मोबाईलात बोलतो, मोबाईल मराठीत सांगतो,
बाईच्या आवाजात, बातम्या दिल्यासारखं:
'हा चुलीचा देव आहे. आज तो वर जातो.
घरात वर्षभर काय बोललं गेलं
ते मोठ्या राजाला सांगतो.'
अगं बाई! माझ्या सगळ्या शिव्या?
'म्हणून तोंडाला चिकट गोड लावायचं.
दाताला दात बसले पाहिजेत.
उघडलंच तोंड, तर गोड निघावं.'
वॉचमन विश्वंभर म्हणाला, लाच हाय ही.
लिऊ म्हणाला, हो.

तिळगुळाचा पाक गोळीबंद झालाच होता.
बोटानं लावला.
चटका मला बसला, देव गप्प.

हा देव कसा काय झाला? मी इचारलं.
बातम्यांची बाई सांगू लागली:
एक होता चांग. घरात लक्ष्मीसारखी बायको,
तरी दुसरी आणली, पहिलीला हाकललं.
मग दुसरी गेली, गुरं गेली, डोळे गेले.
भीक मागत एका दारात बसला.
बाईनं वाढलं. चव ओळखीची निघाली.
इतका रडला की डोळे आले,
आणि समोर तीच.
लाजेनं पेटत्या चुलीत उडी घेतली.
तिनं ओढला, तर हातात नुसता पाय.
चुलीतल्या ढोसणीला तिकडं अजून
चांगचा पाय म्हणतात.

मी बाजरीच्या भाकरीवर तीळ दाबत होते,
दाबत राह्यले.
अंबादासचं इथं कुणाला माहीत नाही.

संध्याकाळी मागच्या मोरीपाशी
कडब्याच्या चार काड्यांवर कागद जाळला.
काड्या देवाच्या घोड्याला.
करपल्या गुळाचा वास गल्लीभर.
'नवा कागद सात दिवसांनी.
तोवर भिंतीवर कुणी नाही.
आमच्याकडं या दिवसांत
मुहूर्त न बघता लग्नं लावतात.'

पाचव्या दिवशी दुपारच्या गर्दीत
डोळ्याच्या दवाखान्यातून एक जण आला.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यातून पाणी.
बाकडं चाचपून बसला.
डावा खांदा पाडून चालायची रीत
तेरा वर्षांत बदलली नव्हती.

वरण वाढलं. शेपूची भाजी. भाकरी.
पहिल्या घासाला तो थांबला.
मान वर केली नाही.
मी दुसरी भाकरी टाकली, न इचारता.
मनात म्हणलं, बाबा,
माझी शेगडी गॅसची, तीन बर्नलची,
उडी घ्यायला जागा नाही.
जेव मुकाट्यानं.

'किती झाले?'
ऐंशी.
सगळ्यांना ऐंशीच.
नोटा डोळ्याजवळ नेऊन मोजल्या त्यानं.
दारात थांबला, म्हणाला, 'शेपूत लसूण...'
आन् पुढचं गिळून पायरी उतरला.

मी वर बघितलं.
तेलकट भिंतीत कागदाएवढा चौकोन,
पांढराफेक.

दोन दिवसांनी लिऊ नवा देव घेऊन आला,
खळ लावली, चारी कोपरे दाबले.
मोबाईल माझ्याकडं धरला:
'मध्ये काही विशेष घडलं?'

मी देवाकडं बघितलं. दाढी नवी, कान नवे.
म्हणलं, तिळगूळ संपला.